ढगावरचं ठिगळ

१

कचेरीत तिला सगळे शिंपीण म्हणायचे. हे नाव ठेवलं किनारेवाल्यानं. किनारेवाला म्हणजे तिच्या शेजारच्या टेबलावर बसून वर्षभर शहराची किनाररेषा आखणारा गृहस्थ. त्यानं एकदा नाव ठेवलं की ते धुऊनही निघत नसे, असा कचेरीचा अनुभव होता. पण या वेळी त्याचं काही चुकलं नव्हतं, कारण तिचं काम ठिगळं लावायचंच होतं.

दर पाच दिवसांनी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, एक उपग्रह त्यांच्या शहरावरून जायचा. सातशे किलोमीटरवरून तो खालचं सगळं टिपून घ्यायचा. समुद्र, बंदर, बंदरामागचं जुनं गाव, मधली दाटी, मग कारखाने, मग टेकड्या, आणि टेकड्यांच्या पायथ्याशी नव्यानं उठलेल्या वसाहती. तासाभरात फोटो कचेरीत यायचा. पाणीवाले, रस्तेवाले, विमावाले, सगळ्यांना तो दुपारपर्यंत हवा असायचा आणि स्वच्छ हवा असायचा. आता समुद्राकाठचं शहर म्हटल्यावर ढग आलेच. कुठे कापसाच्या बोंडाएवढे, तर कुठे अख्खी पेठ गिळून बसलेले. मग शिंपिणीनं काय करायचं, तर त्याच जागेचा एखाद्या निरभ्र दिवसाचा जुना तुकडा कापायचा, रंग जुळवायचा, कडा अशा विरवायच्या की सांधा दिसता कामा नये, आणि ढगावर चिकटवून द्यायचा. बघणाऱ्याला वाटे, काय लख्ख दिवस होता. खरं तर त्या एका फोटोत पाच-पंचवीस निरनिराळे दिवस मांडीला मांडी लावून बसलेले असायचे. कोपऱ्यात बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही असे, पण कोपऱ्यातलं बारीक अक्षर कोण वाचतं.

फोटोतला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा अर्धा मीटर. त्यामुळे गाडी दिसायची, पाण्याची टाकी दिसायची, माणूस मात्र जेमतेम. उभा असला तर एक ठिपका, कारण वरून त्याचं डोकं आणि खांदे तेवढे दिसणार. आडवा झाला तर तीन.

तिनं हे वडिलांना सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले होते. "म्हणजे वरून बघितलं तर झोपलेला माणूस मोठा! तुमच्या साहेबलोकांना सांग, खूश होतील."

२

वडील बंदरामागच्या जुन्या गावात राहायचे. एकतीस वर्षं त्यांनी बंदराच्या बुरुजावर बावटे चढवले होते. वादळ आहे, आत येऊ नका. धक्का रिकामा आहे, या. जहाजांना जे काही सांगायचं ते कापडानं सांगायचं. निवृत्त होईपर्यंत वाऱ्यानं आणि भोंग्यांनी त्यांचे कान पार गेले. मुलीनं कानाचं यंत्र आणून दिलं, ते त्यांनी डब्यात जपून ठेवलं. फोन म्हणजे तर फजितीच. तिकडून "हॅलो, कोण बोलतंय?" आणि इकडून सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं ओरडणं. आई गेल्यावर ते एकटेच होते. आमच्याकडे राहायला या म्हटलं की म्हणायचे, "तुमच्याकडे समुद्र नाही. मी दिवसभर बघू काय?" गाडीत बसलं की त्यांना मळमळायचं. आठ वर्षांत ते लेकीच्या घरी एकदाच आले होते, तेही जावयाच्या गाडीत, सगळा वेळ डोळे गच्च मिटून.

तोड त्यांनीच काढली. निवृत्तीच्या वेळी साहेबांकडून मागून आणलेला एक पिवळाधमक बावटा त्यांच्यापाशी होता. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद.

"जहाजानं पिवळा लावला की त्याचा अर्थ काय माहीत आहे?" त्यांनी विचारलं. "जहाजावर सगळे धडधाकट आहेत. तुझा तो उपग्रह कधी जातो?"

तिनं वर्तमानपत्राच्या कडेला वेळ लिहून दिली.

"ठीक. त्या वेळी मी हा गच्चीवर अंथरणार. पूर्ण अंथरला तर समज, बाबा ठणठणीत आहेत. दुमडून अर्धा ठेवला तर ये."

पूर्ण म्हणजे बारा ठिपके. अर्धा म्हणजे सहा.

चार वर्षं हा कारभार चालला. दर पाचव्या दिवशी म्हातारा चिमटे घेऊन गच्चीवर जायचा, बावटा दोनदा फटकारायचा, फट्, फट्, आणि मगच अंथरायचा. बुरुजावरची सवय होती, मीठ झाडायची. दुपारी काम उरकलं की ती तयार फोटोत त्या गच्चीवर जायची आणि बारा पिवळे ठिपके मोजायची. कधी रविवारी भेटायला गेली की दार उघडताच ते म्हणत, "काय घारबाई, दिसलो का?" आणि जरा वेळानं, हळूच, "काखेत कळसा अन् गावाला वळसा. तीस किलोमीटरवर राहतेस अन् मला बघायला आभाळात जातेस."

ती हसायची. तीस किलोमीटर म्हणजे बसनं दीड तास, आणि आठवड्याला एकच रविवार. चार वर्षांत अर्धा बावटा तिला एकदाही दिसला नव्हता.

३

त्या शुक्रवारी फोटोत त्रेचाळीस ढग होते. मोठ्या बाई, म्हणजे त्यांच्या खातेप्रमुख, दर पंधरा मिनिटांनी टेबलामागे येऊन उभ्या राहत होत्या. तिनं मान मोडून ठिगळं लावली. दुपारी चहा घेता घेता सवयीनं वडिलांच्या गच्चीवर गेली. बारा ठिपके. जिवात जीव आला असंही नाही, कारण जीव कुठे गेलाच नव्हता.

रविवारी ती जाणार होती. पण आठवड्याचे कपडे पडले होते, अंग दुखत होतं, आणि नवरा म्हणाला, "परवाच बघितलंस ना? आहेत ना ठीक? मग पुढच्या रविवारी जाऊ." त्यात त्याचं तरी काय चुकलं.

खालच्या मजल्यावरच्या काकू आठ दिवस लेकीकडे गेल्या होत्या. त्या मंगळवारी संध्याकाळी परतल्या. वर गच्चीवर कावळे का ओरडताहेत म्हणून बघायला गेल्या, आणि मग त्यांनीच फोन केला.

डॉक्टर म्हणाले, तीन दिवस झाले असतील, चारही असतील. पडल्याबरोबर गेले की पडून राहिले होते, ते डॉक्टरांना सांगता आलं नाही. तिनं विचारलं मात्र दोनदा.

सगळं आटोपल्यावर काकूंनी पिवळ्या कापडाची घडी तिच्या हातात ठेवली. "त्यांच्या बाजूलाच होता हा."

"कसा होता, काकू? पूर्ण अंथरलेला की दुमडलेला?"

"अगं बाई, ते कुठं बघत बसू मी? माझं सगळं लक्ष त्यांच्याकडे. उचलला अन् घडी घातली."

परत येताना बसमध्ये तिला एकदम तो शुक्रवार आठवला. सतरा नंबरचा ढग. बर्फाच्या कारखान्यापासून शाळेच्या मैदानापर्यंत पसरलेला, सगळं जुनं गाव पोटात घेऊन बसलेला. त्यावर तिनं वीस दिवसांपूर्वीच्या एका लख्ख सकाळचं ठिगळ लावलं होतं. सुबक, कडा विरवलेलं. आणि दुपारी त्याच ठिगळावरचे बारा ठिपके मोजून ती निवांत झाली होती. शहरातली लाख माणसं फसली असती तरी चाललं असतं. फसली ती शिवणारीच.

बस थांबली, माणसं उतरली, चढली. ती शेवटच्या थांब्यापर्यंत रडत राहिली.

४

दहा दिवसांनी ती कामावर रुजू झाली. बावटा घरी कपाटाच्या वरच्या फळीवर, डांबराच्या गोळ्यांत ठेवला होता. पहिले दोन दिवस तिनं हात आवरला. पण दुखऱ्या दाताकडे जीभ जातेच. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं त्या शुक्रवारचा मूळ फोटो उघडला, ठिगळं लावण्याआधीचा. सतरा नंबरचा ढग होता तिथेच होता. पांढरा, जाड, कारखान्यापासून मैदानापर्यंत. खालचं काही दिसण्याचा प्रश्नच नव्हता. तिनं फोटो बंद केला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडला, तर बर्फाच्या कारखान्याचं पत्र्याचं छप्पर उन्हात चकाकत होतं.

तिला वाटलं, काल आपलंच बघण्यात चुकलं. डोळ्यांत पाणी असलं की कारखाना काय, डोंगरही दिसत नाही. पण त्याच्या दुसऱ्या दिवशी कारखान्यामागची गल्ली ढगातून बाहेर आली होती. गल्लीत एक टेम्पो उभा होता.

मूळ फोटोंना हात लावायची कोणाला मुभाच नव्हती. ते उघडता येत, बदलता येत नसत. तरी तिनं तारीख तपासली, आकार तपासला. तळघरातल्या साठ्यातली दुसरी प्रत काढली, तर तिच्यातही ढग तिथेच, गल्ली सोडून. मग तिनं पडद्यावर पारदर्शक कागद चिकटवला आणि निळ्या पेननं ढगाची कड गिरवली. सकाळी कड रेघेच्या आत सरकलेली असायची. चार दिवसांत कागदावर चार रेघा झाल्या. मोबाईलनं पडद्याचे फोटो काढून ठेवले होते, ते तिनं एकापाठोपाठ एक बघितले. सगळ्यांत ढग आजच्या जागी होता. तिच्या बाजूनं साक्ष द्यायला त्या चार निळ्या रेघांखेरीज काही नव्हतं.

तिनं किनारेवाल्याला बोलावलं.

"कागद सरकला असेल," तो म्हणाला.

"चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी आहे."

"मग पडदा सरकला असेल. शिंपीणबाई, फोटोतला ढग कधी चालत नाही. चालला तर त्याला सिनेमा म्हणतात." मग त्यानं तिच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं आणि खुर्ची ओढून जवळ बसला. त्याचा आवाज उतरला. "ताई, हा कुठला शुक्रवार आहे ते मला माहीत आहे. नका उघडू हा."

त्याचं म्हणणं रास्त होतं. तिलाही ते पटलं. त्या रात्री तिनं स्वतःशी कानाला खडा लावला, आणि सकाळी हातातली पिशवी ठेवायच्या आधी फोटो उघडला.

ढग समुद्राकडून आत, जमिनीकडे चालला होता. दिवसाला तीन गल्ल्या. वडिलांची गल्ली कारखान्यापासून अठरावी.

५

हिशेब सोपा होता. गुरुवारी गच्ची उघडी पडणार होती.

बुधवारी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो साधा, नाकासमोर चालणारा माणूस होता. त्यानं ढगाबद्दल वाद घातला नाही. भांडी पुसत म्हणाला, "समज, हटला ढग. काय दिसावं असं तुला वाटतं?"

"बारा."

"बारा दिसले तर?"

"तर त्या सकाळी ते ठणठणीत होते. मग दुपारी, नाहीतर दुसऱ्या दिवशी, अचानक काहीतरी झालं. मला कळायचा मार्गच नव्हता."

"आणि सहा दिसले तर?"

तिनं पुसलेली भांडी फळीवर लावायला घेतली. तो एकच ताट पुन्हा पुन्हा पुसत राहिला. त्यालाही त्या रविवारची आठवण झाली असावी.

गुरुवारी ती तासभर आधी कचेरीत गेली. झाडणारी बाई लादी पुसत होती, पंखे अजून बंद होते. तिनं फोटो उघडला आणि आधी मुद्दाम समुद्राकडे बघितलं. धक्का, बुरूज, बर्फाचा कारखाना. मग एकेक गल्ली मोजत आत आली, जशी लहानपणी शाळेतून घरी यायची. पंधरा, सोळा, सतरा. ढगाची कड आता गच्चीच्या पलीकडच्या भिंतीवर होती. गच्ची उन्हात होती.

पिवळा रंग दिसला तेव्हा तिला क्षणभर आनंदच झाला. मग तिनं मोजलं. तीन आणि तीन, सहा. पुन्हा मोजलं. बोट पडद्यावर टेकवून, पहिलीतल्या मुलीसारखं मोजलं.

सहा.

त्यांनी तिला बोलावलं होतं. चार वर्षांत पहिल्यांदा, बुरुजावरच्या शिस्तीनं, वेळेवर, कापड नीट दुमडून. आणि तिनं त्यावर ठिगळ लावलं होतं.

पिवळ्याच्या शेजारी तीन काळसर ठिपके होते, एका ओळीत.

झाडणारी बाई धावत आली आणि तिनं हिचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. तिच्या हातांना फिनेलचा वास येत होता, आणि शिंपीण त्या हातांत, लाज सोडून, मोठ्यानं रडली.

६

तिथे हे संपायला हवं होतं. जे कळायचं ते कळलं होतं. पण शुक्रवारी तिनं पुन्हा फोटो उघडला. ते तीन ठिपके तसे एकटे सोडवेनात.

गच्ची रिकामी होती.

टाकी होती, दोरी होती, दोरीवरचा एक चिमटाही असेल. पिवळं काही नव्हतं आणि काळंही काही नव्हतं. ढग गाव सोडून हमरस्त्याला लागला होता.

ती तशीच उठून घरी आली आणि कपाट उघडलं. बावटा फळीवर होता, काकूंनी घातलेल्या घडीत. तिनं हात लावला आणि पटकन काढून घेतला. कापड गरम होतं, उन्हातून आत्ताच काढून आणलेल्या कपड्यासारखं. कपाट घराच्या अंधाऱ्या बाजूला होतं, त्याला कधी ऊन लागत नसे. दुपारचा उकाडा, तिनं स्वतःला सांगितलं, आणि दार लावून घेतलं.

शनिवारी सुट्टी असूनही ती कचेरीत गेली. ढगाच्या मागच्या कडेला, हमरस्त्याच्या बाजूनं, पिवळे दोन ठिपके होते. खांद्यावर टाकलेलं कापड वरून एवढंच दिसेल. त्याला लागून एक काळा ठिपका. एकच.

उभा माणूस एक ठिपका.

तिला भीती वाटली. मग आपल्याला बापाची भीती वाटते याची लाज वाटली. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. पण हे मनानं चिंतलेलं नव्हतं. तिच्या मनाला एवढं सुचलंच नसतं.

म्हाताऱ्या माणसाच्या चालीनं ठिपका येत होता. रविवारी पुलाच्या अलीकडे बसथांब्याचं छप्पर होतं, त्याच्या कडेला पिवळं जरासं बाहेर डोकावत होतं. तिथे बाक होता, तिला माहीत होतं. बसले होते. सोमवारी पूल ओलांडला. ढग कायम डोक्याच्या जरा पुढे. सूर्य समुद्राच्या अंगाला असल्यामुळे ढगाची सावली त्याच्याही पुढे पडायची आणि रस्त्यावर वाट झाडत गेल्यासारखी सरकायची.

मंगळवारी तिठ्यावर ते चुकले.

तिथे एक रस्ता टेकडीकडे, तिच्या वसाहतीकडे येतो. दुसरा सिमेंटच्या कारखान्याकडे जातो. पिवळे ठिपके कारखान्याच्या रस्त्यावर होते, बरेच आत गेलेले, धुळीनं पांढऱ्या पडलेल्या छपरांमध्ये. आठ वर्षांत ते या रस्त्यानं एकदाच आले होते, डोळे मिटून. त्यांना कळणार कसं.

"बाबा," ती पडद्याला बोट लावून म्हणाली, "डावीकडे. मागे फिरा, डावीकडे."

मग तिला आठवलं की त्यांना ऐकू येत नाही.

किनारेवाला शेजारीच बसला होता. त्यानं मान वर केली नाही. पेन्सिल हातात तशीच धरून तो बराच वेळ कागदाकडे बघत होता.

बुधवारी ठिपके परत तिठ्यावर आले होते. सगळा एक दिवस त्या म्हाताऱ्याचा वाया गेला होता. गुरुवारी ते टेकडीच्या रस्त्याला लागले.

संध्याकाळी तिनं कपाट उघडलं नाही. नवरा म्हणाला, कपाटाला समुद्राचा वास येतोय, ओल आली की काय बघायला हवं. ती म्हणाली, बघू रविवारी. आणि हे आपण काय बोललो ते ऐकून ती स्वयंपाकघरात निघून गेली.

७

शुक्रवारी उपग्रहाचा दिवस होता. दहा वाजता तिनं जुना फोटो उघडला, आणि या वेळी गल्ल्या मोजायची गरज पडली नाही. तिची स्वतःची वसाहत होती. पाण्याची टाकी, दुकानांची रांग, आणि तिची चार मजली इमारत. इमारत सावलीत होती. ढगाची कड दुकानांवर आलेली. पिवळं काही दिसत नव्हतं, ते ढगाखाली असणार.

दिवसाला एवढं, या चालीनं ढग शनिवार-रविवारी इमारतीवरून जाईल आणि सोमवारी गच्ची उघडी पडेल. सोमवारी सकाळी लवकर येऊन, पंखे लावायच्या आधी, बघता येईल. बारा की सहा.

ती उठली.

"कुठे?" किनारेवाल्यानं विचारलं. "दीड तासात फोटो येईल. मोठ्या बाई ओरडतील."

"घरी जाते. बाबा येताहेत."

त्याचा चेहरा पडला. काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला, "आणि ठिगळं?"

"आज तू लाव. कडा नीट विरव."

रिक्षानं पंधरा मिनिटं लागली. लख्ख ऊन होतं, रस्त्यावर माणसांच्या सावल्या स्पष्ट पडल्या होत्या. वसाहतीच्या फाटकाशी ती उतरली तेव्हा इमारतीवर मात्र ऊन नव्हतं. तिनं वर बघायचं टाळलं.

घरात कोणी नव्हतं. कपाटाचं दार उघडंच होतं. वरच्या फळीवर डांबराच्या गोळ्या होत्या, चौकोनात मांडल्यासारख्या, मध्ये घडीएवढी जागा मोकळी. तिनं हात घालून ती जागा चाचपली. फळी कोमट होती. बोटांना बारीक मीठ लागलं.

ती जिना चढू लागली. दुसरा मजला, तिसरा. शेजारच्या घरात कुकरची शिटी झाली आणि कुणीतरी मुलाला रागावलं. सगळं जिथल्या तिथे होतं, आणि तिला वाटलं, अजून परत फिरता येईल. सोमवारी बघता येईल. सातशे किलोमीटरवरून बघितलं की काही लागत नाही, भाजत नाही. मग तिला सिमेंटच्या कारखान्याचा तो रस्ता आठवला आणि ती शेवटचा जिना चढली.

गच्चीचं दार आतून कडी लावून बंद होतं. म्हणजे इकडून वर कोणी गेलेलं नव्हतं. दाराखालच्या फटीतून उजेड येत होता, राखेच्या रंगाचा, आणि त्यात काहीतरी इकडून तिकडे हळूहळू सरकत होतं.

मनगटावरच्या घड्याळात दहा वाजून अडतीस मिनिटं झाली होती. दोन मिनिटांनी तो वरून जाणार. तासाभरानं किनारेवाल्याच्या पडद्यावर शहर उमटेल, समुद्रापासून टेकडीपर्यंत सगळं लख्ख, आणि टेकडीच्या पायथ्याशी एकच लहानसा ढग, एका इमारतीवर बसलेला. तो त्याच्यावर एखाद्या चांगल्या दिवसाचं ठिगळ लावील. हात बरा आहे त्याचा. दुपारी सगळ्यांना तिची गच्ची रिकामी, कोरडी आणि उन्हात दिसेल.

दारापलीकडे कुणीतरी कापड फटकारलं. फट्. आणि जरा थांबून, पुन्हा एकदा.

"आले, बाबा," ती म्हणाली, त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, आणि तिनं कडी काढली.